सेल्फ-ड्रायव्हिंग, कनेक्टेड, इलेक्ट्रिक आणि शेअर गाड्या: बेळगाव सीमाभागाच्या वीस वर्षांच्या वाहतूक आराखड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली माणसं भेटली की हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. वाहतूक नियोजन हे माझं रोजचं काम, पण इथली मतं माझी आहेत, कुठल्या ऑफिसची नव्हेत.

दीर्घकालीन वाहतूक आराखडा म्हणजे नेमकं काय? रस्त्याचं टेंडरच ना?

नाही हो, टेंडर ही शेवटची पायरी. त्याच्या खूप आधी कुणीतरी बसून ठरवायला लागतंय की वीस-तीस वर्षांनी लोक कुठं राहतील, कामाला कुठं जातील, कशानं जातील, आणि त्यासाठी आज कुठली जागा राखून ठेवायची. केंद्राचं राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण २००६ साली आलं, त्यानंतर शहरांसाठी सर्वंकष मोबिलिटी प्लॅन करायची पद्धत पडली, सगळे त्याला सीएमपी म्हणतात. जमिनीचा मास्टर प्लॅन वेगळा, तो कर्नाटकात १९६१ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली होतो आणि आपल्याकडं ते काम बुडाकडं, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडं आहे. बस वायव्य कर्नाटक परिवहनची, वीज हेस्कॉमची, हायवे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, गल्लीतले रस्ते महापालिकेचे, आणि कॅम्प आला की कॅन्टोन्मेंट बोर्ड. म्हणजे स्वयंपाकघर एक आणि चुली सहा. अमेरिकेत मोठ्या शहरी भागांना किमान २० वर्षांचा आराखडा करावा लागतोय आणि दर ४ किंवा ५ वर्षांनी तो नव्यानं तपासायची सक्ती आहे. मला विचाराल तर आपण त्यांच्याकडून घ्यायचं ते हेच, फेरतपासणीची सक्ती, बाकी त्यांचे आठ पदरी रस्ते त्यांच्याकडंच राहू देत.

सेल्फ-ड्रायव्हिंग, कनेक्टेड, इलेक्ट्रिक, शेअर, ही चार नावं एकत्रच का घेतात?

कारण प्रत्येकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून आहे. कनेक्टेड म्हणजे आपण कुठं आहोत ते नेटवरून कळवणारी गाडी, तिचं पुढं बोलू. इलेक्ट्रिक झालं की किलोमीटरचा खर्च कमी होतो, मग माणूस जास्त फिरतो. गाडी स्वतः चालायला लागली की ड्रायव्हिंगचा कंटाळा जातो, मग तो आणखी लांब राहायला जातो. हे दोन्ही स्वतःच्या मालकीच्या गाडीत झालं तर रस्ता तुंबणार, आणि हेच दहाजणांच्या शेअर गाडीत झालं तर तोच रस्ता मोकळा वाटणार. एकट्या इलेक्ट्रिकनं धूर कमी होईल, गर्दी नाही. चन्नम्मा सर्कलला पन्नास पेट्रोल गाड्या अडकल्या काय आणि पन्नास बॅटरीच्या अडकल्या काय, मागच्या अॅम्ब्युलन्सला फरक काय पडणार?

खरं सांगा, ड्रायव्हर नसलेली गाडी बेळगावात येणार का?

लवकर नाही. यात पातळ्या आहेत, शून्यापासून पाचपर्यंत. आता शोरूममध्ये अॅडास म्हणून जे विकतात, म्हणजे लेन धरून ठेवणं, पुढच्या गाडीपासून अंतर राखणं, ती दुसरी पातळी. तिच्यात जबाबदारी पूर्ण ड्रायव्हरची, हात स्टिअरिंगवरच पाहिजेत. चौथी पातळी म्हणजे ठरावीक भागात माणसाशिवाय चालणारी टॅक्सी. अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये वेमो कंपनीनं २०२० साली ती सर्वसामान्य लोकांसाठी उघडली, पण ते शहर कसं, कोरडं, रुंद सरळ रस्ते, पट्टे ठळक रंगवलेले. दुसरीकडं जनरल मोटर्सनं क्रूझ नावाच्या रोबोटॅक्सीत भरपूर पैसा घातला आणि डिसेंबर २०२४ मध्ये हात वर केले. म्हणजे आलंच आलं म्हणणारेही चुकले आणि कधीच येत नाही म्हणणारेही चुकले.

आपल्याकडं नितीन गडकरींनी जाहीरपणे सांगितलंय की ड्रायव्हरलेस गाड्या येऊ देणार नाही, लाखो ड्रायव्हरांची नोकरी जाईल म्हणून. पण २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत कलम २ ख आहे, त्यानुसार नव्या संशोधनासाठी केंद्र सरकार काही वाहनांना कायद्यातून सूट देऊ शकतं. म्हणजे दार बंद आहे पण कुलूप नाही.

आणि पाऊस! कणकुंबी-जांबोटीकडं जुलैमध्ये जाऊन बघा. धुक्यात बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, पट्टे वाहून गेलेले, खड्ड्यात पाणी, तो खड्डा की नुसतं डबकं हे आपल्यालाच कळत नाही तर कॅमेऱ्याला काय कळणार. मुसळधार पावसात आणि दाट धुक्यात कॅमेरा आणि लेझर सेन्सर दोन्ही कमजोर पडतात, ही या तंत्रज्ञानाची जगभरातली अडचण आहे.

मग आत्तापासून डोकं कशाला लावायचं? आली की बघू की.

गाडी यायला वेळ आहे, पण आपण आज जे बांधतोय ते तेव्हाही तिथंच असणार. फ्लायओव्हर, पार्किंगची इमारत, बस डेपो, हे पन्नास वर्षं राहतंय. गाडीचंही तसंच, खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतंय, म्हणजे २०३० ला घेतलेली साधी पेट्रोल गाडी २०४५ ला सुद्धा खडेबाजारात हॉर्न वाजवत असणार. त्यामुळं पुढची वीस वर्षं सगळं मिसळलेलं असणार, अर्धवट हुशार गाड्या, पूर्ण अडाणी गाड्या, सायकली, टमटम आणि बैलगाडी एकाच रस्त्यावर. जाहिरातीत जे रिकामं चकचकीत शहर दाखवतात त्याचा आराखडा करणं सोपं आहे हो, या मिसळीच्या काळाचा करणं अवघड.

कधी येणार तेच माहीत नाही तर आराखड्यात आकडे कुठून घालणार?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि इथंच बहुतेक सल्लागार गडबड करतात. जुनी पद्धत अशी की गेल्या दहा वर्षांत वाहनं किती वाढली ते बघायचं, तीच रेघ पुढं ओढायची, २०४५ ला अमुक इतक्या गाड्या म्हणायचं आणि तेवढा रस्ता सुचवायचा. एक आकडा, एक उत्तर. नव्या गाड्यांच्या बाबतीत ही रेघ ओढताच येत नाही कारण मागचा डेटाच नाही.

म्हणून एकाऐवजी तीन-चार वेगवेगळी चित्रं मांडतात, सिनॅरिओ म्हणतात त्याला. समजा पहिल्या चित्रात बदल हळू होतो, फक्त स्कूटर आणि बस इलेक्ट्रिक होतात. दुसऱ्यात प्रत्येक घरात एक अर्धी-हुशार कार, लोक काकती-हिंडलगाच्याही पलीकडं बंगले बांधतात. तिसऱ्यात बस आणि शेअर गाड्या चांगल्या झाल्या, दुसरी कार घ्यायची कुणाला गरज वाटत नाही. आता प्रत्येक प्रस्तावित काम या तिन्ही चित्रांत ठेवून बघायचं. फुटपाथ? तिन्हीत कामाला येतो. बस डेपोला जादा वीज? तिन्हीत. रस्ता काँक्रीट करताना खाली रिकामे पाइप टाकून ठेवणं, म्हणजे उद्या केबल टाकायला रस्ता फोडायला नको? तिन्हीत, आणि खर्च किरकोळ. बाजारात पाच मजली पार्किंग? ते फक्त दुसऱ्या चित्रात चालतं, तिसऱ्यात ओस पडतं. जे सगळीकडं चालतंय ते आधी करायचं, जे एकाच चित्रात चालतंय त्याची जागा राखायची पण पैसा घालायचा नाही, आणि दर पाच वर्षांनी बघायचं की आपण कुठल्या चित्राकडं सरकतोय. बेळगाव जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत निवडलं गेलं, कामंही भरपूर झाली, पण केलेला रस्ता परत फोडलेला आपण सगळ्यांनीच बघितलाय, तेव्हा पाइपचा मुद्दा कुणाला जास्त समजवायला लागत नाही.

गाड्या हुशार झाल्या की कमी जागेत जास्त मावतील, मग नवे रस्ते नकोत, बरोबर?

अर्धं बरोबर. कागदावर हुशार गाड्या एकमेकांच्या जवळून धावू शकतात, पण त्यासाठी जवळजवळ सगळ्याच गाड्या तशा पाहिजेत, आणि रिकाम्या फेऱ्यांचं कुणी बोलत नाही. वडगावातून गाडी नवऱ्याला उद्यमबागला सोडते, रिकामी घरी येते, बायकोला कॅम्पातल्या शाळेवर सोडते, परत रिकामी येते. दोन माणसांच्या दोन फेऱ्या होत्या त्या चार झाल्या, त्यातल्या दोनमध्ये आत कुणीच नाही. पार्किंगचे पैसे वाचवायला गाडी बाजारात नुसती गोल फिरत राहिली तर आणखी वाट लागली.

उलट बाजूनंही बोलतो. हलगा-मच्छे बायपासच्या जमिनीवरून शेतकऱ्यांनी किती वर्षं लढा दिला ते आपल्याला माहीत आहे, तिथली काळी सुपीक जमीन गेली की परत येत नाही. अशा कामाआधी तिन्ही चित्रांत त्याची गरज सिद्ध व्हायला पाहिजे असं मला वाटतं. ट्रक शहराबाहेरून जायलाच पाहिजेत, ते खरं, पण "गाड्या वाढणारच" एवढं एकच कारण वीस वर्षांच्या कामाला पुरत नाही.

ऊस सीझनमध्ये या हुशार गाड्या काय करणार?

हसू नका, हा माझा आवडता प्रश्न आहे. नोव्हेंबरपासून पुढं निपाणी, संकेश्वर, चिकोडी, अथणी पट्ट्यात रात्री काय दिसतं? ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला, आणि वेग सायकलचा. पुढच्या गाडीची आकृती ओळखणारं सॉफ्टवेअर कार, ट्रक, माणूस यांचे फोटो बघून शिकलेलं असतंय, ऊसाचा चालता ढिगारा त्याच्या अभ्यासक्रमात असेलच असं नाही. शिवाय रस्त्यावर पडलेल्या कांड्या, टायर पंक्चर झालं म्हणून रस्त्यातच जॅक लावून सोडलेली ट्रॉली आणि तिच्यामागं खूण म्हणून ठेवलेले दोन दगड.

यावर उपाय भविष्यातला नाही, आत्ताचा आहे. प्रत्येक ट्रॉलीला चांगली रिफ्लेक्टर पट्टी, कारखान्याच्या गेटवरच तपासणी, ऊस वाहतुकीच्या रस्त्याला रुंद साइडपट्टी आणि थांबायला जागा. हे केलं तर आजच्या मोटारसायकलवाल्याचाही जीव वाचतो आणि उद्याच्या सेन्सरलाही दिसतं.

इलेक्ट्रिक बस आणायच्या म्हणजे बस घ्यायच्या आणि चार्जर लावायचा, एवढंच ना?

चार्जर शेवटी येतो, आधी वीज. साधा हिशोब करूया. धरा की एका डेपोत ४० इलेक्ट्रिक बस, प्रत्येकीला रात्री १५० युनिट भरायचे. झाले ६,००० युनिट. रात्री ११ ते पहाटे ५, सहा तास, म्हणजे सरासरी १,००० किलोवॅट. हे जमण्यासारखं आहे. पण शेवटची फेरी करून आलेल्या चाळीसही बस एकदम १२० किलोवॅटच्या चार्जिंग गनला लावल्या तर मागणी ४,८०० किलोवॅट, जवळजवळ पाचपट. वायर, ट्रान्सफॉर्मर, हेस्कॉमचा फिक्स्ड चार्ज, सगळं त्या पाचपटीवर ठरतं. म्हणून कुठल्या बसला किती वाजता वीज द्यायची ते ठरवणारी साधी सिस्टीम पाहिजे, आणि डेपोची जागा निवडतानाच जवळ सबस्टेशन आहे का ते बघायला पाहिजे. आराखड्यात "इलेक्ट्रिक बस डेपो" असं लिहिलेलं असेल आणि विजेबद्दल एक ओळ नसेल तर ते पान फक्त फोटोपुरतं आहे असं समजा.

केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ मध्ये आली, ३ लाख ते ४० लाख लोकसंख्येच्या शहरांसाठी १०,००० बस. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहर पावणेपाच लाखांच्या वर होतं, म्हणजे आकारानं आपण त्यात बसतो. आणि फक्त बस नव्हे, तिला वाट पण पाहिजे. हुबळी-धारवाडात २०१८ पासून चिगरी बससाठी सुमारे २२ किलोमीटरचा वेगळा मार्ग आहे, त्यावर कौतुकही झालं आणि टीकाही भरपूर झाली. आपल्याकडं गोगटे सर्कल ते सीबीटी, म्हणजे मुख्य बसस्टँड, तेवढी रुंदी नाही, पण सिग्नलला बसला आधी सोडणं कुठंही जमतं.

गोव्याला जाताना घाटात बॅटरी संपली तर?

उतरताना उलट थोडी भरते, ब्रेक दाबला की मोटरच जनरेटर होते. प्रश्न परत येताना, चोर्ला किंवा अनमोडची चढण बॅटरी जास्त खाते. केंद्राच्या २०२२ च्या सूचनांत हायवेवर दर २५ किलोमीटरला आणि अवजड गाड्यांसाठी दर १०० किलोमीटरला चार्जिंग स्टेशन असावं असं होतं. पण घाटाच्या रस्त्याला किलोमीटरपेक्षा चढ मोजायला पाहिजे, आणि जंगलात खांब टाकायला वन खात्याची परवानगी, झाड पडून वीज जाणं, मोबाईलला रेंज नसल्यानं अॅपवरून पेमेंट न होणं, हेही धरायला पाहिजे. खानापूर, जांबोटी, रामनगर या ठिकाणी घाटाच्या डोक्यावर चांगली सोय केली तर बरंचसं काम भागतं.

आमच्या शहापूरच्या गल्लीत पार्किंगच नाही, स्कूटर चार्ज कुठं करू?

आत्ता लोक काय करतात ते गल्लीत दिसतंच की. खिडकीच्या गजातून एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर, वायर गटारावरून, वर पावसासाठी प्लास्टिकची पिशवी. हे धोक्याचं आहे, करू नका. स्कूटरला बहुतेक वेळा साधा १५ अँपिअरचा प्लग पुरतो, बॅटरी साधारण तीन युनिटची, म्हणजे महागडा फास्ट चार्जर नको. गल्लीच्या तोंडाला, देवळाच्या किंवा मंडळाच्या हॉलच्या भिंतीला मीटरचे सुरक्षित प्लग दिले तरी पुष्कळ झालं. कारवाल्यांसाठी स्टेशन सगळे मागतात, पण आपल्याकडं बहुसंख्य लोक दुचाकीवर आहेत, आराखडा त्यांच्यापासून सुरू व्हायला पाहिजे.

आम्ही बॉर्डरवर राहतो, एका बाजूला कर्नाटक, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र, मग आराखडा कुणाचा?

इथंच सगळं अडतं. चंदगड तालुक्यातला माणूस दवाखान्याला, बाजाराला, कॉलेजला बेळगावला येतो, शिनोळीच्या कारखान्यात आपल्याकडची पोरं जातात, कागल-निपाणी तर रोजची ये-जा. पण बेळगावच्या आराखड्याचा नकाशा बाचीला संपतो आणि कोल्हापूरचा शिनोळीला, मधल्या माणसाला दोन्हीकडं मोजत नाहीत. गाड्यांचे नंबर नुसते बघा, केए २२, केए २३, एमएच ०९, एमएच ०७, जीए, एकाच सिग्नलला.

इलेक्ट्रिक गाडीचं धोरण कर्नाटकानं २०१७ मध्येच आणलं, महाराष्ट्राचं पहिलं २०१८ मध्ये आणि सुधारित २०२१ मध्ये, सवलती वेगळ्या. दुसऱ्या राज्यात कायमची नेली तर १२ महिन्यांत तिथला नंबर घ्यायचा, एनओसीच्या चकरा वेगळ्या. एक सोय मात्र झालीय, बॅटरीवरच्या व्यावसायिक गाड्यांना २०१८ पासून परमिटमधून सूट आहे, त्यांची हिरवी पाटी पिवळ्या अक्षरांची.

तिकिटाचं तर विचारू नका. इकडं शक्ती योजना, जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसमध्ये मोफत, तिकडं मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. दोन्हीचे नियम वेगळे. राष्ट्रीय कॉमन मोबिलिटी कार्ड, म्हणजे सगळीकडच्या प्रवासाला एकच कार्ड, २०१९ पासून आहे, दोन्ही बसमध्ये चाललं तर निम्मी कटकट कमी. आणि सीमेचा-भाषेचा वाद पेटला की पहिली बंद होते ती दोन राज्यांमधली बस, डिसेंबर २०२२ मध्ये झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये झालं. आराखड्यात याला धोका म्हणून जागा पाहिजे, त्या दिवशी डायलिसिसला येणारा माणूस कसा येणार ते लिहिलेलं पाहिजे. राजकारण वरच्यांनी करावं, वेळापत्रक तरी दोन डेपोंनी बसून ठरवावं.

पेट्रोल इकडं स्वस्त म्हणून कोल्हापूरचे लोक निपाणीला टाकी भरतात, इलेक्ट्रिक झालं की त्याचं काय?

ते पंप हळूहळू रिकामे होतील, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सरकारचा टॅक्स. रस्त्याच्या पैशाचा मोठा वाटा पेट्रोल-डिझेलवरच्या सेसमधून येतो. गाड्या विजेवर गेल्या की तो आटणार, रस्ता मात्र तेवढाच झिजणार. अमेरिकेत ऑरेगन राज्यानं २०१५ पासून मैलावर पैसे घ्यायची ऐच्छिक योजना सुरू केली. आपल्याकडं फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे, म्हणजे यंत्रणेची सुरुवात झालीच आहे. वीस वर्षांच्या खर्चाच्या तक्त्यात इंधनाचा टॅक्स आहे तसाच धरलेला दिसला तर तिथं बोट ठेवा.

शेअर गाडी म्हणजे आपलं वडापच ना?

होय की! शहरातल्या लोकांना अॅपवरची शेअर कार नवीन वाटते, आपल्याकडं ट्रॅक्स आणि टमटम किती वर्षं हेच करतात. भरली की सुटली. फरक एवढाच की ती कधी सुटणार ते कळत नाही आणि तीनच्या जागी सहा बसवतात. त्यांना हाकलण्यापेक्षा मोजून, नंबर देऊन, बस जिथं परवडत नाही त्या गावांना जोडायला वापरा. आता वंदे भारतही बेळगावला आली, पुणे-हुबळी सप्टेंबर २०२४ मध्ये आणि बेंगळुरूची ऑगस्ट २०२५ मध्ये, पण स्टेशनातून उचगाव किंवा येळ्ळूरला रात्री जायचं तर काय? तिथं शेअर गाडीचा खरा उपयोग.

सौंदत्तीच्या यात्रेला चालेल का हे?

यल्लम्माच्या पौर्णिमेला कोल्हापूरकडून एसटीच्या ठरवलेल्या गाड्यांची रांग लागते, ते एका दिवसाचं ओझं आहे. त्या दिवसासाठी रस्ता रुंद करत बसू नका, तात्पुरतं पार्किंग आणि तिथून डोंगरावर फेऱ्या मारणाऱ्या बस, एवढं बस्स.

कनेक्टेड म्हणजे माझी गाडी माझ्यावर पाळत ठेवणार?

काही प्रमाणात ठेवतेच. बस-टॅक्सीत एआयएस-१४० नियमाखाली लोकेशन ट्रॅकर आणि पॅनिक बटण असतंय. त्या माहितीचा चांगला उपयोग म्हणजे खानापूरच्या स्टॉपवर उभ्या पोरीला बस किती वेळात येणार ते कळणं. वाईट उपयोगही होऊ शकतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, तेव्हा डेटा कुणाकडं, किती दिवस, कुणाला विकायचा नाही, हे करारात आधीच लिहून घ्यायला पाहिजे. आणि बस अॅपमध्ये कन्नडबरोबर मराठीही ठेवा, खेड्यातली आज्जी वापरणार असेल तर.

माझा मुलगा ट्रक चालवतो, त्याची नोकरी जाणार का?

एवढ्यात नाही. लोडिंग, कागदपत्रं, घाटातलं डोकं, रस्त्यात टायर बदलणं, हे सगळं ड्रायव्हर करतो, नुसतं स्टिअरिंग फिरवत नाही. पण डिझेल मेकॅनिकवर आधी पाळी येईल, आणि उद्यमबाग, मच्छेच्या शॉपमध्ये इंजिनाचे पार्ट बनवणाऱ्यांवरही. फाउंड्रीवाल्यांनी आत्तापासून मोटरच्या बॉडीच्या, ब्रेकच्या ऑर्डरी बघायला पाहिजेत. आराखड्यात रोजगाराचा चॅप्टर नसेल तर तो मागा.

सामान्य माणसानं हरकत कशी घ्यायची?

मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना मागवतात, पेपरात जाहिरात येते, मुदत कमी असते, लेखी द्या आणि पोच घ्या, पोच नसेल तर दिलंच नाही असं धरतात. "आमचा विरोध आहे" एवढंच लिहू नका. पान नंबर घाला आणि विचारा की हे काम कुठल्या कुठल्या सिनॅरिओत उपयोगी आहे, सीमेपलीकडून येणारे प्रवासी मोजले का, वीज कुठून, फेरतपासणी कुठल्या वर्षी. मराठीत किंवा कन्नडमध्ये, जे जमतंय त्यात लिहा. गल्लीतल्या दहाजणांनी वेगवेगळी पत्रं दिली तर जास्त चांगलं, आणि एक प्रत नगरसेवकाच्या हातात.